फोन जमा करून घेऊ नका, नीट बाळगायला लावा: सायकल राइडच्या आयोजकांना खुले पत्र

सामूहिक सायकल राइड भरवणारे आयोजक, क्लबचे पदाधिकारी आणि राइड मार्शल यांस,

सप्रेम नमस्कार.

राइडच्या नियमावल्यांमध्ये हल्ली एक कलम वरचेवर दिसतंय. शब्द थोडे इकडेतिकडे, पण मथितार्थ एकच: ‘सर्व सहभागींनी राइड सुरू होण्यापूर्वी आपले मोबाइल सपोर्ट गाडीत जमा करावेत, राइड संपल्यावर ते परत मिळतील.’ एकाने लिहायचं आणि दुसऱ्याने तसंच उतरवून घ्यायचं, असा या कलमाचा प्रवास चालू आहे. पहिलं कुणी लिहिलं याची चौकशी आम्हाला करायची नाही. कलम चुकीचं आहे, ते काढा, एवढं सांगायला हे पत्र.

आम्ही म्हणजे ताफ्याच्या शेवटी चालणारे, तुमच्या भाषेत स्वीपर. पंक्चर काढणं, तुटलेली चेन जोडणं, पोटरीत गोळा आलेल्या माणसाजवळ थांबणं ही आमची कामं. कुणी पडलं तर पहिला फोन करायची पाळीही बहुधा आमच्यावर येते. पडलेल्या माणसाच्या खिशात फोन असणं आणि नसणं यात किती अंतर आहे, ते सगळ्यात आधी आम्हाला मोजावं लागतं. बोलायचा हक्क तेवढाच.

आधी तुमच्या बाजूचं बोलतो, कारण तुमची भीती खोटी नाही. ताशी ३० किलोमीटर वेगाने चालणारी सायकल एका सेकंदाला ८ मीटरहून जास्त रस्ता कापते. आलेला मेसेज बघायला तीन सेकंद मान खाली गेली, की २५ मीटर आंधळे गेले. घोळक्यात पुढच्या चाकापासून आपलं चाक जेमतेम मीटरभर मागे असतं. त्यात फोन हातात म्हणजे एक ब्रेक गेला. हाताशी नुसता मागचा उरला, तर थांबायला साधारण दुप्पट अंतर लागतं. नुसता पुढचा उरला आणि तो घाबरून करकचून दाबला, तर अंगाचा सगळा भार पुढे येतो, तो पेलायला हँडलवर दुसरा हात नसतो आणि हँडल फिरतं. मग एकटा पडत नाही, मागचे चारजण त्याच्यावर येतात. उतारावर सेल्फी काढणाऱ्याला राइडमधून घरी पाठवलंत, तर आम्ही तुमच्या बाजूने उभे राहू.

पण हे सगळं हातातल्या फोनबद्दल झालं. खिशातल्या फोनने आजवर कुणाला पाडलेलं नाही. नेदरलँड्स हा सायकलींचाच देश. तिथे १ जुलै २०१९ पासून चालत्या सायकलवर फोन हातात धरायला बंदी आहे. जपानने १ नोव्हेंबर २०२४ पासून अशा वापराची शिक्षा वाढवली, त्यात कैदेचीही तरतूद आहे. दोन्हीकडे रोख चालवताना वापरण्यावर आहे. फोन घरी ठेवून या, असं त्यांनी कुणालाच सांगितलेलं नाही. तुमच्या कलमाने मात्र हातातला आणि खिशातला, दोन्ही एका पोत्यात भरले.

आता आमच्या तक्रारी.

पहिली, अंतराची. घोळका सुरुवातीच्या फोटोपुरता असतो. एकजण ताशी २६ ने चालवतो आणि दुसरा २० ने. दोन तासांनी त्यांच्यात १२ किलोमीटर पडलेले असतात. सपोर्ट गाडी एकच असते, आणि ती बहुतेक वेळा पुढच्या पाण्याच्या थांब्यावर टेबल मांडत उभी असते. पडणारा पडतो मागे, दमलेल्यांत. त्याचा फोन १२ किलोमीटर पुढे, पिशवीत, इतर चाळीस फोनांबरोबर वाजत असतो. ‘मार्शलकडे फोन असतातच’ हे उत्तर आम्ही ऐकलंय. मार्शल प्रत्येक वळणावर नसतो. आणि तो शेजारी असला तरी पडलेल्याच्या घरचा नंबर त्याला तोंडपाठ नसतो.

दुसरी तक्रार सायकल कॉम्प्युटरची, म्हणजे वेग, अंतर आणि रस्ता दाखवणाऱ्या हँडलवरच्या छोट्या यंत्राची. ‘हँडलवर एवढा महागाचा कॉम्प्युटर आहे, अपघात झाला की तो आपोआप कळवतो’ असं नियमावली लिहिणाऱ्यांना वाटतं, आणि गंमत म्हणजे तो वापरणाऱ्यांनाही वाटतं. गार्मिन कंपनीच्या एज मालिकेतल्या कॉम्प्युटरांमध्ये अपघात ओळखण्याचं काम कसं चालतं ते बघा. आतला सेन्सर धक्का ओळखतो, पडद्यावर काही सेकंदांची उलटी मोजणी सुरू होते, ती कुणी रद्द केली नाही तर निरोप जातो. तो निरोप ब्लूटूथने जोडलेल्या फोनमार्फत जातो. फोन गाडीत असेल तर मोजणी शून्यावर येते आणि पुढे काहीच होत नाही. ब्लूटूथची धाव काही मीटरांची, तुमची गाडी काही किलोमीटरवर. थोडक्यात, फोन काढून घेताना तुम्ही कॉम्प्युटरचाही आवाज बंद करता.

याच कलमाचा आणखी एक उद्योग आहे. घरच्यांना लाइव्ह लोकेशन पाठवून लोक राइडला येतात. नकाशावर सरकणाऱ्या त्या निळ्या ठिपक्याकडे घरी कुणीतरी बघत असतं. फोन जमा झाल्यावर तो ठिपका सपोर्ट गाडीचा असतो. गाडी थांब्यावर तासभर उभी राहिली की घरचे घाबरतात. आणि माणूस खरोखर रस्त्याकडेला पडलेला असतो तेव्हा ठिपका मजेत पुढे चाललेला असतो.

तिसरी, ओळखीची. सायकलस्वार बेशुद्ध सापडला तर मदतीला आलेल्या अनोळखी माणसाकडे त्याची माहिती काय? २००५ साली ब्रिटनमधल्या बॉब ब्रॉची या पॅरामेडिकने साधी कल्पना मांडली: फोनमध्ये ‘आयसीई’ (इन केस ऑफ इमर्जन्सी) या नावाने जवळच्या माणसाचा नंबर ठेवा. आता त्याहून पुढची सोय आहे. आयफोनमध्ये ‘मेडिकल आयडी’ आणि अँड्रॉइडमध्ये ‘इमर्जन्सी इन्फॉर्मेशन’ भरून ठेवलं, की फोन लॉक असतानाही इमर्जन्सी बटणातून ते वाचता येतं. लोक त्यात सगळ्यात आधी रक्तगट लिहितात. लिहा, हरकत नाही. पण रुग्णालय कार्डावर विसंबून रक्त देत नाही, तपासून आणि जुळवूनच देतं. त्यापेक्षा रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, हे आधी लिहा. डोक्याला मार लागलेल्या माणसाच्या बाबतीत डॉक्टरांना ते पहिल्या काही मिनिटांत कळायला हवं. त्याखाली ॲलर्जी, मधुमेह, फिट येत असतील तर ते. हे सगळं तुम्ही गाडीतल्या पिशवीत ठेवता.

चौथी, ब्रेवेची, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या राइडची. दोनशे किलोमीटरला साडेतेरा तास, सहाशेला चाळीस तास, अशी ही मुदत. दोन कंट्रोलच्या (तपासणीच्या थांब्यांच्या) मध्ये बाहेरची मदत घ्यायची नाही हा मूळ नियम. ज्या प्रकारात सपोर्ट गाडीच नाही, तिथेही फोन जमा करण्याचं कलम उतरवून घेतलेलं दिसतं. जमा कुठे करायचे, कुणाकडे? यावर जास्त काही लिहायची गरज नसावी.

‘पूर्वी कुठे फोन होते?’ हाही प्रश्न येतोच. पूर्वी रस्त्यावर नाण्याचे फोन होते, दुकानादुकानांत काळा फोन होता. आता रस्त्याकडेला फोन कुठे मिळतो ते एकदा शोधून बघा.

खरी तक्रार मात्र वेगळीच आहे. फोन काढून घेण्याची सक्ती तुम्ही केलीत, पण तो कसा बाळगायचा हे एका ओळीत तरी सांगितलंत का? बहुतेक सायकलस्वार फोन चुकीच्या जागी, चुकीच्या अवस्थेत घेऊन फिरतात आणि मग ऐन वेळी तो उपयोगी पडत नाही. तुमच्या नियमावलीत जागा असायला हवी ती या गोष्टींना.

हँडल ही फोनची सगळ्यात वाईट जागा. समोर दिसतो म्हणून हात जातो, ही एक गोष्ट. उन्हात पडदा पूर्ण उजेडावर, नकाशा चालू, वर सूर्य. फोन तापतो, आधी पडदा मंद करतो आणि मग स्वतःच बंद पडतो. खडबडीत रस्त्यावर माउंटचे, म्हणजे फोन धरणाऱ्या पकडीचे, स्क्रू सैल होतात. मोटरसायकलच्या मोठ्या इंजिनांची कंपनं फोनच्या कॅमेऱ्यातली स्थिरीकरणाची यंत्रणा बिघडवू शकतात, असं ॲपलने २०२१ मध्ये स्वतःच जाहीर केलं होतं. सायकलला इंजिन नसतं हे खरं, पण सहा तास खडीवरून चालवायचं असेल तर कॅमेरा हँडलवर बांधू नये हे बरं. नकाशासाठी फोन वर लागतोच, असं ज्यांचं म्हणणं आहे त्यांनी निदान चतुर्थांश फेरीत लॉक होणारा माउंट वापरावा, वरून सिलिकॉनचा पट्टा लावावा आणि पडदा वळणापुरताच उजळेल असं सेटिंग करावं. हँडल कार्बनचं असेल तर माउंटचा स्क्रू दिलेल्या टॉर्कपेक्षा (आवळण्याच्या मापापेक्षा) जास्त आवळू नये, तडा जातो.

सीटखालची पिशवी बरी वाटते, पण तिथे मल्टीटूल आणि टायर लिव्हर असतात. तीन तासांच्या हादऱ्यांनी काचेवर काय उमटतं ते दुरुस्तीवाल्याला विचारा. शिवाय मोठा घोटाळा असा, की पडल्यावर सायकल एकीकडे जाते आणि माणूस दुसरीकडे. सायकल उताराखाली झुडपात, फोन तिच्याबरोबर, आणि माणूस वर रस्त्यावर. किंवा कुणी भला माणूस जखमीला गाडीत घालून नेतो आणि सायकल, फोनसकट, तिथेच राहते. म्हणून फोन सायकलवर नको, अंगावर हवा.

अंगावर म्हणजे जर्सीच्या पाठीमागच्या खिशात, पण मधल्या नव्हे. मधला खिसा बरोबर मणक्यावर येतो. पाठीवर पडलात तर एक चपटी, टणक वस्तू मणका आणि रस्ता यांच्यामध्ये येते. मधल्या खिशात विंडचीटर घडी करून ठेवा, काही मऊ ठेवा. फोन बाजूच्या खिशात, काच शरीराकडे. आता एक चाचणी करा. खांद्यावर पडून हासळीचं हाड मोडणं हा सायकलवरचा नेहमीचा अपघात आहे, आणि मोडलं की त्या बाजूचा हात वर होत नाही, मागे जात नाही. घरी उभे राहा, एक हात छातीशी बांधल्यासारखा धरा आणि दुसऱ्या हाताने विरुद्ध बाजूच्या खिशातून फोन काढून बघा. निघत नसेल तर खिसा बदला किंवा पोटावरचा पट्टा घ्या. आवाजाने फोन लावायची सोय चालू ठेवा. तीही लॉक असताना चालते का ते एकदा बघून ठेवा.

मग पाणी. फोनवर आयपी ६७ लिहिलं असेल तर त्याचा अर्थ एक मीटर गोड्या पाण्यात अर्धा तास, तेही फोन नवा असताना. घाम गोडा नसतो. पाठीवरून ओघळणारा खारट घाम चार्जिंगच्या खोबणीत बसतो, पिना गंजतात, आणि एके दिवशी फोन चार्जच होत नाही. झिपची साधी पारदर्शक पिशवी पुरते. पातळ प्लास्टिकवरून टच चालतो, पाऊसही अडतो. ओल्या बोटांनी उघडा पडदा मात्र हमखास दगा देतो: बोट एकीकडे, फोन उघडतो भलतंच. त्याच पिशवीत नाव, दोन नंबर आणि औषधं लिहिलेला कागदाचा तुकडाही असू द्या. फोन फुटू शकतो, कागद फुटत नाही.

बॅटरीची गणितं लोक उलटी करतात. नकाशापेक्षाही कधी कधी जास्त खाते ती नेटवर्कची शोधाशोध. सिग्नल दुबळा झाला की फोन आपली ताकद वाढवून टॉवर शोधत राहतो आणि डोंगराळ भागात खिशात पडल्यापडल्या निम्मा होतो. निघताना १०० टक्के, लो पॉवर मोड चालू, कॉम्प्युटरचं आणि लोकेशनचं सोडून पार्श्वभूमीतली ॲप बंद. कॉम्प्युटर असेल तर फोनवर दुसरं रेकॉर्डिंग कशाला? फ्लाइट मोडचा सल्ला आम्ही देणार नाही, कारण मग कॉम्प्युटरचा निरोपही अडकतो. थंडीत लिथियमची बॅटरी एकदम बसते, ३० टक्के दाखवत असलेला फोनही विझतो. तेव्हा तो जॅकेटच्या आतल्या खिशात हवा. आठ तासांच्या वरच्या राइडला ५००० एमएएचची छोटी पॉवर बँक आणि आदल्या रात्री तपासलेली केबल. रस्त्यावर पॉवर बँक भरलेली आणि केबल मेलेली, ही जोडी आम्हाला फार वेळा भेटते. रात्रंदिवस चालवणाऱ्यांना डायनामो हब, म्हणजे चाक फिरताना वीज तयार करणारा चाकाचा तुंबा, आहे, ६ व्होल्ट ३ वॉटचा, पण त्यावरचा चार्जर साधारण ताशी १५ किलोमीटरच्या खाली नीट भरत नाही. चढावर त्याच्याकडून आशा ठेवू नये.

आता प्रत्यक्ष कॉल. ११२ हा क्रमांक जीएसएम फोन आणीबाणीचा म्हणूनच ओळखतो. लॉक न काढता लागतो, आणि आपल्या कंपनीचा सिग्नल नसला तर दुसऱ्या कुणाच्या उपलब्ध टॉवरवरूनही जातो. ‘नो सर्व्हिस’ दिसलं म्हणून प्रयत्न सोडू नये. बऱ्याच फोनांवर बाजूचं बटण पाच वेळा दाबलं की आपोआप आणीबाणीचा कॉल लागतो. खिशात दाबलं जाऊन चुकून लागतो, हा त्याचा दुसरा भाग. २०२३ मध्ये ब्रिटनमध्ये अशा चुकीच्या कॉलची इतकी गर्दी झाली की पोलिसांना लोकांना जाहीर विनंती करावी लागली. चुकून लागला तर कट करू नका, ‘चुकून लागलाय, सगळं ठीक आहे’ असं सांगून मग ठेवा. मुका कॉल आला की तिकडची माणसं शोधाशोध करत बसतात.

आवाज जात नसेल तर एसएमएस करा. त्याला सिग्नलचा क्षणभराचा तुकडा पुरतो, आणि गेला नाही तर नेटवर्क पुन्हा प्रयत्न करतं. जागा सांगताना आधी रस्त्याचं नाव, मग कुठून कुठे चाललो होतो, मग शेवटचा किलोमीटरचा दगड, आणि त्यानंतर अक्षांश-रेखांश. दशांशानंतर चार आकडे दिले तर सुमारे ११ मीटरपर्यंतची जागा कळते, पाच दिले तर मीटरभरापर्यंतची. जीपीएसला मोबाइल नेटवर्क लागत नाही, नकाशाला लागतं. म्हणून त्या भागाचा नकाशा आदल्या दिवशी उतरवून ठेवायचा.

हे सगळं मार्शलला सुरुवातीच्या रेषेवर तपासता येतं. टायरची हवा आणि ब्रेक बघताच, त्यात दोन मिनिटं वाढतील.

आमच्या मागण्या अशा:

फोन जमा करण्याचं कलम पुढच्या राइडआधी काढा. ज्यांनी अर्ज भरलेत त्यांना तसं लेखी कळवा.

चालत्या सायकलवर फोन हातात दिसला, तर पहिल्या वेळी ताकीद आणि दुसऱ्या वेळी राइडबाहेर. इथे कुणाचीही भीड धरू नका, क्लबच्या पदाधिकाऱ्यांचीही नाही. फोटो काढणारे सहसा तेच असतात.

थांबण्याची रीत लिहून द्या: आवाज देणे, हात दाखवणे, डावी-उजवीकडे जी कडेची बाजू असेल तिथे रस्त्याबाहेर जाणे, दोन्ही पाय जमिनीवर, आणि मग फोन. वळणावर आणि चढाच्या माथ्याच्या लगेच पलीकडे कुणी थांबायचं नाही.

प्रत्येक सहभागीकडे मार्शल आणि स्वीपर यांचे नंबर राइडच्या आदल्या दिवशी पोहोचवा. सकाळी माइकवरून सांगितलेला दहा आकडी नंबर कुणीही टिपून घेत नाही.

मार्गावर सिग्नल नसलेले पट्टे कोणते, ते मार्ग पाहणी करतानाच टिपा आणि नकाशावर दाखवा. त्या पट्ट्यांत कुणीही एकटं चालवायचं नाही, आणि स्वीपर बाहेर पडेपर्यंत गाडीने पट्ट्याच्या टोकाला थांबायचं.

नव्या कलमाचा मसुदाही देतो, म्हणजे उतरवून घ्यायला सोपं जाईल:

‘प्रत्येक सहभागीने चार्ज केलेला, आणीबाणीची माहिती भरलेला मोबाइल जलरोधक पिशवीत, अंगावर, बाजूच्या खिशात ठेवणे बंधनकारक आहे. सायकल चालू असताना तो हातात घेता येणार नाही. सुरुवातीला मार्शल फोन व माहिती तपासतील. माहिती नसलेल्यास ती भरूनच सुरुवात करता येईल.’

पुढच्या राइडच्या नियमावलीत यातलं काय उतरलं ते आम्ही वाचूच.

आपले,
ताफ्याच्या शेवटी चालणारे